पऱ्हाटीचं 'फॅट' मोजणारं यंत्र: उष्मांक मिनिटात कसा कळतो आणि पावतीवर काय बघायचं?

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. तूर काढली की तुराटी, सोयाबीन मळलं की कुटार. चुलीपुरतं घरी आणायचं, थोडं धुऱ्यावर रचायचं आणि बाकीचं पेटवून द्यायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलं. आता याच मालाला गिऱ्हाईक आहे. ब्रिकेटचे कारखाने तो दाबून मनगटाएवढ्या कांड्या करतात, त्यालाच लोक 'पांढरा कोळसा' म्हणतात. पेलेटवाले त्याच्या बोटाएवढ्या गोळ्या करतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठी कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळायचं धोरण आणलं, तेव्हापासून या धंद्याची चर्चा गावोगावी वाढली.

पण या व्यवहारात एक मूळचीच गडबड आहे. गावात माल विकला जातो वजनावर आणि घेणाऱ्याला हवी असते उष्णता. दोन्ही गोष्टी एक नाहीत. म्हणून मोठ्या खरेदीदारांच्या गेटवर वजनकाट्याबरोबर आणखी एक यंत्र येऊ लागलंय. मालावर प्रकाश टाकायचा आणि मिनिटाभरात ओलावा, राख, उष्मांक असे आकडे पडद्यावर दाखवायचे, हे त्याचं काम. नाव आहे एनआयआर स्पेक्ट्रोमीटर. आज ना उद्या तुमच्या गाडीचा भाव असं यंत्र ठरवेल. म्हणून ते काय बघतं आणि काय बघू शकत नाही, हे माल विकणाऱ्यालाही माहीत पाहिजे.

आधी हिशेब: वाळवलं तर तोटा की फायदा?

उष्मांक किलोकॅलरीत मोजतात. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. अगदी कोरड्या पऱ्हाटीच्या एका किलोत साधारण ४,२०० किलोकॅलरी धरायला हरकत नाही. म्हणजे हिशेबानं छप्पन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. आपली चूल त्यातला थोडाच भाग भांड्याला देते, तो भाग वेगळा.

आता ओल्या मालाचं बघा. पऱ्हाटीत ३० टक्के ओलावा असेल तर किलोमागे जळणारा माल फक्त ७०० ग्रॅम. बाकीचं ३०० ग्रॅम पाणी जळत तर नाहीच, उलट त्याची वाफ करायला उष्णता खातं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. लाकडातल्या हायड्रोजनपासून जळताना जे पाणी तयार होतं, त्याचीही वाफच होते. हे सगळं वजा केलं की १० टक्के ओलाव्याच्या पऱ्हाटीतून किलोमागे ३,४४० च्या आसपास निव्वळ किलोकॅलरी मिळतात. ३० टक्के ओलाव्याच्या पऱ्हाटीतून मिळतात २,५४५. चौथा हिस्सा गेला.

समजा १० टन पऱ्हाटी आहे, ओलावा ३० टक्के. ती १० टक्क्यांपर्यंत वाळवली तर वजन भरेल पावणेआठ टनांच्या जरा वर. सव्वादोन टन नुसतं पाणी उडून गेलं. भाव किलोला २ रुपये धरला (हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतलेत, बाजारभाव नाहीत) तर ओल्या मालाचे २०,००० मिळतात आणि वाळवलेल्या मालाचे साडेपंधरा हजार. म्हणजे शेतकऱ्यानं पंधरा दिवस माल उन्हात ठेवून मेहनत केली आणि साडेचार हजार रुपये गमावले! वजनाच्या भावात कोण कशाला वाळवेल?

तोच माल उष्णतेवर विकला, हजार निव्वळ किलोकॅलरीला ७५ पैसे धरले, तर ओल्या गाडीचे १९,००० होतात आणि वाळवलेल्या मालाचे २०,००० च्या वर. वजन घटलं तरी पैसे वाढले, कारण वाफ करण्यात जाणारी उष्णता वाचली. वर गाडीभाडं सव्वादोन टनांनी हलकं. वाळवणीचा फायदा वाळवणाऱ्याच्या खिशात जायचा असेल तर भाव उष्णतेवर हवा. गेटवरच्या यंत्राचं खरं महत्त्व इथं आहे.

यात नवीन असं काही नाही. सीसीआय कापूस घेताना ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते. हमीभावाच्या सोयाबीनला १२ टक्क्यांची अट आहे. वणी-चंद्रपूरकडचा कोळसाही १ जानेवारी २०१२ पासून उष्मांकाच्या प्रतवारीनंच विकला जातो, जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. वीज केंद्रांसाठीच्या पेलेटचा भावही हजार किलोकॅलरीमागे सांगितला जातो. साखळीच्या वरच्या टोकाला उष्णतेचा भाव आहे, फक्त शेताच्या बांधावर अजून 'गाडीचा काय देता?' चालतं.

खरी चाचणी: पोलादी भांड्यातला स्फोट

उष्मांक मोजायची मूळ पद्धत जुनी आहे आणि आजही तीच शेवटचा शब्द मानली जाते. यंत्राचं नाव बॉम्ब कॅलरीमीटर. जाड पोलादाचं झाकणबंद भांडं असतं. त्यात साधारण एक ग्रॅम बारीक दळलेला माल गोळी करून ठेवायचा, हवेच्या तीसपट दाबानं ऑक्सिजन भरायचा, भांडं मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या तारेनं माल पेटवायचा. सगळा माल क्षणात जळतो. भोवतालचं पाणी दोनेक अंशांनी तापतं. ते किती तापलं ते अंशाच्या अगदी बारीक भागापर्यंत मोजायचं, त्यावरून उष्णता निघते. यंत्र बरोबर आहे का हे बघायला बेन्झोइक ॲसिडची गोळी जाळतात, कारण तिची उष्णता पक्की ठाऊक आहे.

अचूकता चांगली असते. एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत तीस-पस्तीस किलोकॅलरीपेक्षा जास्त फरक आला तर चाचणी पुन्हा करतात. अडचण आहे वेळेची. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचा, दळायचा, तोलायचा, जाळायचा. उत्तर यायला बहुतेक वेळा दुसरा दिवस उजाडतो. तोवर गाडी रिकामी होऊन गेलेली, माल मोठ्या ढिगात मिसळलेला. मग भांडायचं कशावरून?

प्रकाशाला कसं कळतं?

दूध डेअरीचं उदाहरण घ्या. पूर्वी फॅट काढायचं तर गर्बर पद्धत होती: काचेची नळी, गंधकाचं आम्ल आणि फिरवायचं यंत्र. आता संकलन केंद्रावर दूध यंत्रात ओतलं की मिनिटात फॅट, एसएनएफ येतं. गावातली बहुतेक छोटी यंत्रं ध्वनिलहरींवर चालतात, मोठ्या डेअऱ्यांच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारी असतात. बॉम्ब कॅलरीमीटर म्हणजे जळणाची गर्बर पद्धत, आणि एनआयआर म्हणजे त्याचं झटपट फॅट मशीन.

इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला. त्यातून हा प्रकाश कळला. तुम्हाला आत्ता बघायचा असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि रिमोटचा पुढचा दिवा कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर फिकट जांभळट दिवा लुकलुकताना दिसतो. तो इन्फ्रारेड.

या प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० पर्यंतचं दिसतं. एनआयआर यंत्र त्यापुढच्या, २,५०० पर्यंतच्या पट्ट्यात काम करतं. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी असते, ती १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात गिळते. कार्बन-हायड्रोजनच्या जोड्या दुसऱ्या ठिकाणी, १,७०० च्या आसपास आणि २,३०० च्या आसपास गिळतात. लाकडातला सेल्युलोज, लिग्निन, तेलकट अंश, प्रत्येकाची प्रकाश गिळायची खोड वेगळी.

यंत्रात हॅलोजनचा दिवा असतो. त्याचा प्रकाश मालावर पडतो, काही गिळला जातो, काही उलटा येतो. उलट आलेला प्रकाश शेकडो लांब्यांवर मोजला की एक वळणावळणाची रेघ मिळते. ओल्या पऱ्हाटीच्या रेघेत १,९४० ला खोल खड्डा दिसतो, सुक्या मालात तो उथळ असतो. इथवर सगळं सरळ आहे.

रेघेवरून किलोकॅलरी कशी?

इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. यंत्र उष्णता मोजत नाही. काही जळत नाही, काही तापत नाही. ते फक्त रेघ काढतं, आणि 'अशी रेघ असलेल्या मालाचा उष्मांक आजवर किती निघाला?' एवढंच आठवून सांगतं.

त्यासाठी त्याला शिकवावं लागतं. शंभर-दोनशे नमुने गोळा करायचे: ओले, सुके, जुने, नवे, काळ्या जमिनीतले, मुरमाड जमिनीतले. प्रत्येकाची रेघ काढायची आणि तोच नमुना बॉम्ब कॅलरीमीटरमध्येही जाळायचा. मग गणितानं दोन्हींची सांगड घालायची. याला कॅलिब्रेशन म्हणतात. रेघेतले शेकडो आकडे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सोडवायला वापरतात ती पद्धत स्वीडनच्या हर्मन वोल्ड आणि त्यांचा मुलगा स्वान्ते वोल्ड यांच्या कामातून आली. शेवटी, यंत्रानं कधी न पाहिलेले नमुने देऊन परीक्षा घ्यायची. ज्या नमुन्यांवर शिकवलं त्यांच्यावरच परीक्षा घेतली तर कोणतंही यंत्र पहिलं येतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात छापलेली अचूकता यातली कोणती, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला किंमत देऊ नये.

ही कल्पना शेतीतूनच आली, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस नावाच्या अभियंत्यानं १९६० च्या दशकात धान्यातला ओलावा अशा प्रकाशानं मोजायचं काम उभं केलं. १९७५ मध्ये कॅनडाच्या धान्य आयोगानं गव्हातलं प्रथिन मोजायला ही पद्धत स्वीकारली. गव्हात चालली, पशुखाद्यात चालली, ऑस्ट्रेलियात काही साखर कारखान्यांत चिरलेल्या उसावर चालली, मग जळणापर्यंत पोहोचली. थायलंडमधल्या संशोधकांनी सुबाभूळ आणि बांबूवर हेच करून पाहिलंय. स्वीडन-फिनलंडमध्ये तर लाकडाच्या चिपांचा व्यवहारच उष्णतेच्या मापात होतो, त्यामुळे तिथं झटपट मोजणीला मोठी मागणी आहे.

पण सुबाभळीवर शिकलेलं यंत्र पऱ्हाटी ओळखेलच असं नाही. जे दाखवलं नाही ते त्याला येत नाही, आणि वाईट म्हणजे 'मला येत नाही' असं बहुतेक यंत्रं आपणहून सांगत नाहीत. ८ ते २० टक्के ओलाव्याच्या मालावर शिकवलेल्या यंत्रासमोर अवकाळी पावसात भिजलेली ४५ टक्क्यांची गाडी आली तरी ते ठामपणे आकडा सांगतं. दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतं! पडद्यावर ३,२१७.४६ दिसलं म्हणून तो आकडा तितका बारीक खरा असतो असं नाही.

मग साधारण चूक किती? चांगलं कॅलिब्रेशन, बारीक दळलेला आणि नीट मिसळलेला माल असेल तर किलोमागे पन्नास ते सव्वाशे किलोकॅलरी इकडेतिकडे होणं धरून चालावं. न दळता, ढिगावरच यंत्र धरलं तर त्याहून जास्त. दहा टनांच्या गाडीवर शंभर किलोकॅलरीचा फरक म्हणजे वरच्याच हिशेबानं साडेसातशे रुपये. कधी वर, कधी खाली असं होत असेल तर दहा-वीस गाड्यांत बरोबरी होते. पण यंत्र रोजच शंभर कमी दाखवत असेल तर ती बरोबरी कधीच होत नाही. चाळीस गाड्यांत तीस हजार जातात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण प्रत्येक पावती वेगवेगळी बघितली तर ठीकच दिसते. मला विचाराल तर विकणाऱ्यानं भ्यायचं ते या एका बाजूला झुकणाऱ्या चुकीला.

माती यंत्राला दिसत नाही

पाणी या यंत्राला सगळ्यात चांगलं दिसतं. उष्मांक बऱ्यापैकी. राख आणि माती मात्र आडूनच. वाळू, सिलिका, साधे क्षार यांना या पट्ट्यात ठळक खूण नसते. यंत्र राखेचा आकडा देतं तो इतर गोष्टींवरून बांधलेला अंदाज असतो.

आपल्या मालात हे फार महत्त्वाचं आहे. चिमट्यानं मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीला काळी माती चिकटून येते, पावसानंतर उपटली तर ढेकळासकट. दहा टक्के माती गेली तर कोरड्या मालाचा ४,२०० चा उष्मांक ३,७८० वर येतो. जळाच्या किमतीत कोणी तुमचं शेत विकत घेत नाही, उलट बॉयलरमध्ये ती माती वितळून चिकटते म्हणून खरेदीदार जास्तच कडता धरतो. म्हणून उपटल्यावर मुळं आपटून झाडणं, दोन दिवस सुकू देऊन पुन्हा झटकणं, ट्रॉली भरताना खालचा मातीचा थर न उचलणं, एवढ्यानंही भावात फरक पडतो.

धानाच्या तुसाचं उलट आहे. त्याच्यात मूळचीच १५ ते २० टक्के राख असते, ती वरून लागलेली नसून दाण्याच्या टरफलातच असलेली सिलिका आहे. त्यामुळे तूस कितीही कोरडा असला तरी त्याचा उष्मांक पऱ्हाटीपेक्षा कमीच येणार. भंडारा-गोंदियाच्या तुसाच्या गाडीला 'माती मिसळली' म्हणून कोणी कडता लावत असेल तर राखेची वेगळी चाचणी मागायला हरकत नाही. राख काढायची पद्धत सोपी आहे: नमुना भट्टीत ५५० अंशांवर जाळायचा आणि उरलेलं तोलायचं.

पावतीवरचा एकच आकडा, अर्थ चार

वाद इथं जास्त होतात. एकाच गाडीचा उष्मांक कोणी ४,२०० सांगेल, कोणी ३,७८०, कोणी २,९४०, कोणी २,५४५, आणि चौघंही खरं बोलत असतील. पहिल्यानं पूर्ण कोरड्या मालाचा सांगितला. दुसऱ्यानं १० टक्क्यांपर्यंत वाळवल्यावरचा. तिसऱ्यानं गाडीत आला तसा, ३० टक्के ओलाव्यासकट. हे तिन्ही ढोबळ उष्मांक झाले, म्हणजे वाफेत गेलेली उष्णताही त्यात धरलेली आहे. चौथ्यानं ती वजा करून निव्वळ उष्मांक सांगितला.

सौदा ठरवताना फोनवर ४,२०० ऐकून खूश व्हायचं आणि गेटवर २,५४५ च्या भावानं पैसे घ्यायचे, असं होऊ शकतं. यात फसवणूकच असते असं नाही, पण बोलणी एका मापात आणि तोलणं दुसऱ्या मापात झालं तर तोटा विकणाऱ्याचाच. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: उष्मांक 'आला तसा' धरणार की 'कोरडा', आणि ढोबळ की निव्वळ? ज्या पावतीवर हे लिहिलेलं नाही ती अपुरी समजावी.

ओलाव्यातही असाच खोडा आहे. १०० किलो मालात ३० किलो पाणी असेल तर आपण ३० टक्के म्हणतो. पण तेच ३० किलो उरलेल्या ७० किलो कोरड्या मालाशी ताडलं तर ४३ टक्के होतात. दोन्ही पद्धती वापरात आहेत. भाव ठरवताना एक आणि कपात करताना दुसरी लागली तर तेरा टक्क्यांचा फरक नुसता कागदावर तयार होतो.

नमुना चुकला तर यंत्र कितीही चांगलं असो

हा प्रकाश मालाच्या आत फार तर काही मिलिमीटर जातो. ढिगाच्या वरच्या कांड्या उन्हानं सुकलेल्या आणि आतल्या ओल्या असतील तर यंत्र सुकंच सांगणार. सकाळच्या दवात उलटं, वरून ओलं, आतून सुकं. उन्हात तापलेल्या आणि थंड मालात पाण्याची खूण थोडी सरकते, तेही एक.

माती परीक्षणासाठी नमुना काढलेल्यांना ही पद्धत वेगळी शिकवायला नको. गाडीच्या पुढून, मागून, मधून, वरून, खोलातून अशा सात-आठ जागांहून माल घ्यायचा, बारीक तोडून एकत्र करायचा, गोल ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. पुन्हा तसंच. शेवटी उरलेल्या किलोभर नमुन्याच्या दोन पिशव्या करायच्या. एक यंत्राला, दुसरी प्लास्टिकमध्ये हवाबंद करून, दोघांच्या सह्या घेऊन राखून ठेवायची. वाद झाला तर ती राखीव पिशवी तिसऱ्या प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटरवर जाते. कोळशाच्या व्यवहारात तिसऱ्या पक्षाकडून नमुना तपासायची पद्धत आहेच, पऱ्हाटीत ती मागायला लाजायचं कारण नाही. एकट्या शेतकऱ्याला दोन ट्रॉल्यांसाठी हे परवडणार नाही, हे खरं. पण शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट हंगामाचा माल देत असेल तर करारातच लिहून घेता येतं: दर पंधरवड्याला इतके नमुने बाहेर तपासायचे, आणि यंत्राचा फरक एकाच बाजूला दिसला तर मागच्या पावत्यांचा हिशेब पुन्हा करायचा.

प्रत्येक ठिकाणी हे यंत्र हवंच का?

माझं मत, नाही. एखादा ब्रिकेट कारखाना फक्त पऱ्हाटी घेत असेल तर कोरड्या पऱ्हाटीचा उष्मांक गाडीगणिक फार बदलत नाही. बदलतो तो ओलावा आणि माती. तिथं १०५ अंशांचा ओव्हन, राखेची भट्टी आणि चांगला तोलकाटा एवढ्यावर बराच प्रामाणिक व्यवहार होऊ शकतो. ज्या गेटवर सकाळी पऱ्हाटी, दुपारी कुटार, संध्याकाळी तूस आणि लाकडाचा भुसा येतो, जिथं मिसळलेला माल येतो, तिथं प्रकाशाच्या यंत्राची खरी गरज. साखर कारखान्याच्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं आणि तो पट्ट्यावरून सतत बॉयलरकडे जात असतो, तिथंही चालत्या पट्ट्यावर बसवलेलं यंत्र कामाचं, कारण बॉयलरवाल्याला ओलावा आत्ता कळायला हवा, उद्या नाही.

एक गोष्ट मात्र गावातच करता येते. माल पाठवण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे नमुना काढा, बारीक तोडून बरोबर १,००० ग्रॅम तोला आणि ताडपत्रीवर कडक उन्हात पसरा. रात्री झाकून ठेवा. सलग दोन दिवस वजन घटेनासं झालं की पुन्हा तोला. समजा ७८० ग्रॅम भरलं. म्हणजे २२० ग्रॅम पाणी उन्हानं गेलं. उन्हात वाळलेल्या मालातही आठेक टक्के ओलावा राहतोच (एप्रिल-मे मध्ये त्याहून कमी), म्हणजे आणखी साठेक ग्रॅम. एकूण २८० ग्रॅम, ओलावा २८ टक्के. गेटवर कोणी ४० सांगितला तर तुमच्याकडे बोलायला आकडा आहे. मायक्रोवेव्हमध्ये वाळवायचा प्रयत्न करू नका, सुका भुसा आत पेट घेतो. पक्का आकडा हवा तर ज्या प्रयोगशाळेत १०५ अंशांचा ओव्हन आहे, तिथं हा नमुना नेता येतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत चौकशी करा.

पऱ्हाटी विकावी की शेतातच बारीक करून मातीत मिसळावी, हा वेगळा विषय आहे, आणि हलक्या जमिनीत दरवर्षी सगळं काढून विकणं मला पटत नाही. पण धुऱ्यावर पुढच्या हंगामापर्यंत रचून ठेवणं नक्कीच नको, गुलाबी बोंडअळी त्यात तग धरून राहते. द्यायची असेल तर वेचणी संपल्यावर लगेच उपटा, झाडा, वाळवा, आणि ठेकेदाराला गाडी भरायच्या आधी विचारा: भाव वजनावर की उष्मांकावर, उष्मांक 'आला तसा' की 'कोरडा', यंत्राला पऱ्हाटीवर शिकवलंय का, बॉम्ब कॅलरीमीटरशी शेवटची पडताळणी कधी झाली, आणि राखीव नमुना किती दिवस ठेवता. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा, म्हणजे गेटवर दाखवता येतील.